वकिलांच्या ऑफिस स्टाफसाठी रिसर्च ट्रेनिंग घेतलं, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, मग बाकीचं वाचा. ट्रेनिंग चांगलं आहे, पैसे वसूल आहेत, आणि छोट्या-मध्यम वकील ऑफिसांनी तर घ्यायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. काही गोष्टी कमी पडल्या, त्यापण खाली लिहिल्यात. ट्रेनर मॅडमनी स्वतःचं नाव कुठे टाकू नका असं सांगितलंय, त्या जाहिरात करत नाहीत, ओळखीतूनच कामं घेतात, म्हणून नाव लिहीत नाही. पण असं ट्रेनिंग कोणाकडूनही घेणार असाल तर काय बघायचं आणि आधी काय विचारून घ्यायचं हे यातून नक्की कळेल.

आमचं ऑफिस पुण्यात आहे, कामं मुख्यतः दिवाणी, म्हणजे वाटपाचे दावे, कुळकायदा, भाडेकरूंची प्रकरणं, सोबत थोडं क्रिमिनल. साहेब, आम्ही काही असोसिएट, नवीन ज्युनिअर, येत-जात राहणारे इंटर्न, क्लार्क काका आणि टायपिस्ट ताई. बहुतेक ऑफिसांचं चित्र असंच असतं. आणि रिसर्चची पद्धत पण सगळीकडे साधारण सारखीच असते, साहेब संध्याकाळी म्हणतात उद्या बोर्डावर आहे, यावर काहीतरी न्यायनिवाडे काढून ठेव, मग ज्युनिअर सर्चमध्ये चार शब्द टाकतो, वरचे पाच निकाल उघडतो, हेडनोट म्हणजे वर छापलेला सारांश वाचतो, पिवळं मार्कर मारतो आणि प्रिंट काढून फाइलला लावतो. त्यातला एक आपल्याच विरुद्ध असतो, एक दुसऱ्याच राज्याच्या कायद्यावर असतो आणि एक कधीच ओव्हररूल झालेला, म्हणजे मोठ्या बेंचने चुकीचा ठरवलेला असतो. लॉ कॉलेजमध्ये मूट कोर्ट म्हणजे खोटा खटला चालवायचा सराव करून घेतात, त्यात मुलं बोलायला शिकतात, पण सापडलेला निकाल आज टिकून आहे का हे तपासायची सवय काही तिथे लागत नाही, आणि ऑफिसमध्ये शिकवायला कोणाला वेळ नसतो.

याआधी आम्ही डेटाबेस कंपन्यांचे फुकटचे डेमो बघितलेत. ते वाईट नसतात, पण तो सगळा वेळ बटणं दाखवण्यात जातो. इथे क्लिक केलं की हे येतं, तिथे फिल्टर लावला की ते येतं, आणि उदाहरण पण त्यांनी आधीच निवडलेलं असतं त्यामुळे उत्तर पहिल्याच पानावर हजर. आपल्या ऑफिसात येणारी केस अशी कधीच नसते. आपल्याकडे माणूस येतो, सातबारा, दोन-चार फेरफार आणि एक जुनी नोटीस टेबलावर ठेवतो आणि सांगतो की भावाने जमीन विकली. यातून प्रश्न काय काढायचा हेच खरं काम आहे, आणि ते कुठल्याच डेमोत नसतं.

या मॅडमचं वेगळेपण इथेच सुरू होतं. त्यांनी बरीच वर्षं लॉ लायब्ररी सांभाळलेली आहे, वकिली पण थोडी केली आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, म्हणजे कोर्टाला सुट्टी असते तेव्हा, आपल्याच ऑफिसात येऊन शिकवतात. पहिल्या सेशनला लॅपटॉप बंद ठेवायला सांगितले, मोबाइल पण बाजूला. हातात एक पानभर मराठीत लिहिलेली हकिगत दिली आणि म्हणाल्या, यातून प्रश्न लिहा, पूर्ण वाक्यात लिहा, आणि कोणती तारीख महत्त्वाची आहे तिला गोल करा. बस. पहिल्या सेशनचा मोठा भाग यातच गेला आणि सुरुवातीला मुलं चुळबुळ करत होती, पण पुढे जे झालं ते बघून मला वाटलं की याच भागासाठी पूर्ण फी द्यावी.

हकिगत अशी होती. वडिलोपार्जित शेतजमीन, मुलीचं लग्न १९९० मध्ये झालं, वडील १९९९ मध्ये वारले, भावांनी आपापसात वाटून घेतलं, आता बहीण हिस्सा मागते. पुण्यात, साताऱ्यात, नगरमध्ये असा दावा नसलेलं दिवाणी ऑफिस शोधून सापडणार नाही. मग लॅपटॉप उघडायला दिले आणि प्रत्येकाला जे मिळेल ते वाचून दाखवायला सांगितलं. एकाला महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती सापडली, हिंदू वारसा कायद्यात आपल्या राज्याने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायकीत म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क दिला होता, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं, म्हणून तो म्हणाला हिला काही मिळत नाही. दुसरीला २०१५ चा प्रकाश विरुद्ध फुलवती सापडला, त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की ९ सप्टेंबर २००५ ला म्हणजे मुलींना समान हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील आणि मुलगी दोघं हयात पाहिजेत, म्हणजे परत काही मिळत नाही, वडील तर १९९९ लाच गेलेत. तिसऱ्याला २०१८ चा दानम्मा मिळाला, त्यात वडील २००१ मध्ये वारलेले होते आणि तरी मुलींना हिस्सा दिला होता. आणि एकाला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा मिळाला, ११ ऑगस्ट २०२०, तीन न्यायमूर्तींचं बेंच, त्यात स्पष्ट सांगितलं की हक्क जन्माने आहे, २००५ ला वडील हयात असणं गरजेचं नाही, आणि फुलवतीचं ते म्हणणं चुकीचं ठरवलं.

चौघं एकाच प्रश्नाला उलटसुलट उत्तरं घेऊन बसलेले, आणि प्रत्येकाकडे सुप्रीम कोर्टाचा नाहीतर कायद्याचा छापील आधार होता. मॅडमनी बोर्डावर आडवी रेघ मारली, तिच्यावर १९९४, २००५, २०१५, २०१८, २०२० असे खुणा केल्या आणि प्रत्येकाला आपला कागद कुठे बसतो ते दाखवायला लावलं. २०१५ ते २०२० मधले हायकोर्टांचे ढीगभर निकाल फुलवतीच्या मागे गेलेले आहेत, आणि आजही सर्च केलं की ते वर येतात, कारण सर्च इंजिनला शब्द जुळतात का एवढंच कळतं, कायदा बदलला हे त्याला कळत नाही. हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

तिथेच थांबल्या नाहीत हे मला जास्त आवडलं. विनीता शर्मा सापडला म्हणजे केस जिंकली असं नाही, तर आता पक्षकाराला काय विचारायचं, हा पुढचा प्रश्न. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या डिक्रीने वाटप झालंय का? झालं असेल तर ते उघडता येत नाही. नुसतं तोंडी वाटप आणि त्यावरचा फेरफार असेल तर सुप्रीम कोर्टाने ते सहजासहजी मान्य करायचं नाही असं सांगितलंय, सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम पुरावा लागतो. म्हणजे रिसर्च करणाऱ्या ज्युनिअरने साहेबांना निकालाची प्रिंट देताना सोबत हे पण सांगायचं की सर, वाटपाचा दस्त आहे का ते पक्षकाराला विचारावं लागेल. आमच्या ज्युनिअर मुलांमध्ये हा बदल दिसायला लागलाय आणि तो माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा आहे.

आता सर्च कसं करायचं त्याबद्दल. इथे पण त्यांनी महागड्या डेटाबेसवर भर दिला नाही, फुकटच्या साधनांपासून सुरुवात केली. इंडियन कानून ही निकाल शोधायची साइट २००८ पासून आहे आणि सगळेच वापरतात, पण त्यातले ऑपरेटर, म्हणजे शोधशब्द जोडायचे शब्द, फार थोड्यांना माहीत असतात. तिथे नुसतं ओआर टाकून चालत नाही, शेवटचा आर डबल टाकायचा, ॲंडचा डी डबल, नॉटचा टी डबल. नेमके शब्द अवतरणात टाकायचे, कोर्ट निवडायचं, तारीख लावायची, सगळ्यात नवीन आधी असं सॉर्ट करायचं. आणि निकालाच्या वर त्याने कोणाचे दाखले घेतलेत आणि नंतर कोणी याचा दाखला घेतलाय या दोन याद्या असतात, त्यातली दुसरी यादी उघडल्याशिवाय निकाल वापरायचा नाही. सुप्रीम कोर्टासाठी त्यांचीच साइट ई-एससीआर, २ जानेवारी २०२३ ला सुरू झालं तेव्हाच साधारण ३४ हजार निकाल फुकट टाकलेले होते, आणि हे अधिकृत रिपोर्ट आहेत, म्हणजे कोर्टासमोर ठेवायला प्रश्न नाही. केसची स्थिती बघायला ई-कोर्ट्स, प्रत्येक केसच्या १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबरवरून. कायद्याचा मूळ मजकूर इंडिया कोडवरून घ्यायचा, कुठल्या तरी ब्लॉगवरून नाही.

मग आला तो भाग जो फक्त महाराष्ट्रातल्या ऑफिसला लागू होतो आणि बाहेरचा ट्रेनर कधीच सांगणार नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये कायद्यांच्या नावातला बॉम्बे काढून महाराष्ट्र घातला. म्हणजे १९४८ चा कुळकायदा जुन्या निकालांत बॉम्बे टेनन्सी म्हणून आहे आणि नव्या निकालांत महाराष्ट्र टेनन्सी म्हणून. तुम्ही एकाच नावाने शोधलं तर अर्धे निकाल तुम्हाला दिसतच नाहीत, आणि दिसत नाहीत हेसुद्धा तुम्हाला कळत नाही. भाडे कायद्याचं त्याहून अवघड, १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट जाऊन १९९९ चा महाराष्ट्र रेंट कंट्रोल ॲक्ट आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि मालकाला स्वतःसाठी जागा पाहिजे हे कारण जुन्या कायद्यात कलम १३(१)(जी) होतं ते नव्यात १६(१)(जी) झालं. त्या कारणावरचा कितीतरी चांगला कायदा जुन्या कलमाखाली पडलेला आहे. १६(१)(जी) टाकून शोधणाऱ्याला तो मिळत नाही. त्यांनी सगळ्यांकडून एक तक्ता करून घेतला, आपल्या ऑफिसात रोज लागणारे कायदे, जुनं नाव, नवीन नाव, जुनं कलम, नवीन कलम. तो आता टायपिस्ट ताईंच्या टेबलासमोर भिंतीवर लावलाय आणि सगळे तिथे जाऊन बघतात.

क्रिमिनलवाल्यांसाठी तर हा तक्ता जीव वाचवणारा आहे. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. ४२० चं ३१८(४) झालं, ३०२ चं १०३(१) झालं, हे हळूहळू पाठ होतं. पण खरा खड्डा ४८२ मध्ये आहे. जुन्या सीआरपीसीत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायचा अर्ज. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ ला. तेव्हा नुसतं ४८२ टाकून सर्च केलं तर दोन वेगळ्या विषयांचे निकाल मिसळून येतात, आणि घाईत असलेला ज्युनिअर क्वॉशिंगचा म्हणजे एफआयआर रद्द करण्याचा निकाल जामिनाच्या अर्जाला जोडतो. मॅडमनी हेच मुद्दाम करायला दिलं आणि प्रत्येक निकालात कलमाच्या पुढे कोणत्या कायद्याचं नाव आहे ते मोठ्याने वाचून घेतलं. शिवाय गुन्हा १ जुलैच्या आधीचा असेल तर गुन्ह्याचं कलम जुन्या आयपीसीचंच लागतं, हे पण तक्त्यावर वरच लिहायला लावलं.

निकाल आजही चांगला आहे का हे तपासण्याच्या सेशनला त्यांनी जालन्याची केस घेतली आणि सगळे जागे झाले, कारण नावं ओळखीची. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतली याचिका, उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत आला की नंतर यावर भांडण आणि पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. प्रश्न असा की जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-बी चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, सर्टिफिकेट नसेल तर ते रेकॉर्डिंग वाचता येतं का. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर, तीन न्यायमूर्ती, सर्टिफिकेट पाहिजेच. २०१८ मध्ये शफी मोहम्मद, दोन न्यायमूर्ती, उपकरण ज्याच्या ताब्यात नाही त्याला सूट. १४ जुलै २०२० ला खोतकर, परत तीन न्यायमूर्ती, अन्वर बरोबर, शफी मोहम्मद ओव्हररूल, फक्त ज्याने सर्टिफिकेट मिळवायचे सगळे प्रयत्न केले आणि तरी समोरच्या अधिकाऱ्याने दिलं नाही त्याला दिलासा. इथे बेंच किती जणांचं होतं हे का बघायचं ते पोरांना एका उदाहरणात कळलं, आधी अर्धा तास सांगूनही कळलं नसतं. आणि आता हे सगळं नव्या साक्ष्य अधिनियमात ६३ ला आलंय, सर्टिफिकेटचा नमुना अनुसूचीत आहे, भाग अ आणि भाग ब असे दोन, त्यातला दुसरा तज्ज्ञाने भरायचा. म्हणजे २०२० चा निकाल बरोबर असला तरी आज जुन्या ६५-बी सारखं सर्टिफिकेट भरून दिलं तर अडचण येऊ शकते. त्यांनी हा शेवटचा टप्पा सोडला नाही हे महत्त्वाचं.

मधेच नागपूर आणि औरंगाबाद बेंचबद्दल पण बोलणं झालं, कारण अजूनही काही जणांना वाटतं की तिकडचा निकाल पुण्यात चालत नाही. हायकोर्ट एकच आहे, बेंच कुठे बसतं याने फरक पडत नाही, सिंगल जज की डिव्हिजन बेंच (दोन न्यायमूर्ती) की फुल बेंच (तीन किंवा जास्त) याने पडतो. न्यूट्रल साइटेशन, म्हणजे कोर्टाने स्वतः निकालाला दिलेला नंबर, कसं वाचायचं तेही दाखवलं, बीएचसी नंतर एएस असेल तर अपिलेट साइड, ओएस म्हणजे ओरिजिनल साइड, पुढे नागपूर, औरंगाबाद, गोवा यांची अक्षरं, आणि शेवटी डीबी असेल तर डिव्हिजन बेंच. सुप्रीम कोर्टाचं आयएनएससी. दोन मिनिटांचं काम आहे पण यादी करताना खूप उपयोगी पडतं.

आता मला ज्याबद्दल मनापासून लिहायचंय तो मुद्दा. या ट्रेनिंगमध्ये क्लार्क काका आणि टायपिस्ट ताई पहिल्या रांगेत बसले होते. बुकिंगच्या वेळी मॅडमची अटच होती की सगळा स्टाफ पाहिजे, फक्त वकिलांसाठी मी येत नाही. तेव्हा आमच्यातल्या काही जणांना ते पटलं नव्हतं. पण विचार करा, साइटेशनची यादी टाइप कोण करतं? कोर्टात ऐनवेळी व्हॉल्यूम कोण शोधून आणतं? झेरॉक्समध्ये एक पान सुटलं तर पहिल्यांदा कोणाच्या लक्षात यायला हवं? काकांना एआयआरचे, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकाल छापणाऱ्या मालिकेचे, व्हॉल्यूम तोंडपाठ आहेत, नागपूरहून निघणारा हा रिपोर्टर १९१४ पासूनचा, बॉम्बे लॉ रिपोर्टर तर १८९९ चा, आणि आयएलआर (इंडियन लॉ रिपोर्ट्स) बॉम्बे १८७६ पासून. जमिनीच्या जुन्या केसेसमध्ये असे दाखले येतात, नुसती तीन अक्षरं आणि एक आकडा, ज्युनिअर मुलं ते बघून थांबतात. त्या दिवशी काकांनी उभं राहून सांगितलं की यातला आकडा कधी वर्षाचा असतो आणि कधी व्हॉल्यूमचा, आणि एकच निकाल एआयआर, एससीसी (सुप्रीम कोर्ट केसेस), महाराष्ट्र लॉ जर्नल अशा तीन ठिकाणी तीन वेगळ्या पानांवर कसा असतो. मॅडमनी खडू त्यांच्या हातात दिला आणि स्वतः खाली बसल्या. इतकी वर्षं ऑफिसात असलेल्या माणसाला शिकवायची जागा कोणी दिली नव्हती, ती तिथे मिळाली.

ताईंना एक चेकलिस्ट दिली. पक्षकारांची नावं बरोबर, वर्ष बरोबर, पान बरोबर, परिच्छेद क्रमांक लिहिलेला, प्रिंटमध्ये सगळी पानं, आणि सगळ्यात शेवटी ज्युनिअरची सही की हा निकाल मी पूर्ण उघडून वाचलाय. सही नसेल तर यादी टाइप होणार नाही. साहेबांनी याला लगेच मान्यता दिली. ताई आता हे अगदी काटेकोरपणे पाळतात आणि असोसिएट लोकांना पण परत पाठवतात, मला पण पाठवलंय, आणि तसंच पाहिजे.

ही सही का हवी ते एआयच्या सेशनला नीट कळतं. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टातली माता विरुद्ध ॲव्हियांका ही केस, जून २०२३, वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल दाखल केले, ते निकाल अस्तित्वातच नव्हते, न्यायाधीश कॅस्टेल यांनी ५ हजार डॉलर दंड केला. हे लांबचं वाटत असेल तर २०२५ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टापुढे आयकराची एक असेसमेंट ऑर्डर आली, तिच्यात ज्या निकालांचा आधार घेतला होता ते निकालच सापडेनात, आणि कोर्टाने ती ऑर्डर रद्द केली. मॅडम एआय वापरू नका असं सांगत नाहीत. शब्द सुचवायला वापरा, इंग्रजीतल्या लांब निकालाचा आराखडा समजून घ्यायला वापरा, पण त्याने दिलेला दाखला अधिकृत साइटवर उघडून वाचल्याशिवाय कागदावर घ्यायचा नाही. आणि पक्षकाराचे कागद कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकायचे नाहीत. वकील आणि पक्षकार यांच्यातली गुप्तता साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे आणि त्यात वकिलाचे क्लार्क आणि कर्मचारी पण येतात, हे ऐकून ताईंनी तिथल्या तिथे विचारलं की मग मी तर्जुमा करायला नोटीस टाकते ते चालेल का. असा प्रश्न स्टाफला पडणं हेच मोठं काम झालं. नाव, गाव, गट नंबर काढून टाकल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही असा नियम आता ऑफिसात झालाय.

तर्जुम्यावरून आठवलं, सुप्रीम कोर्टाचे मराठीत भाषांतर केलेले निकाल आता मिळतात, पक्षकाराला समजावून सांगायला आणि क्लार्कना विषय कळायला ते फार चांगले आहेत, पण त्यावरच लिहिलेलं असतं की अधिकृत मजकूर इंग्रजीचाच. म्हणून युक्तिवादात उतारा घेताना मूळ उघडायचं.

शेवटच्या सेशनला रिसर्च नोटचा नमुना देतात. एका पानाचा आहे. प्रश्न काय, महत्त्वाच्या तारखा, कुठे कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, कोणत्या दिवशी शोधलं, बाजूने काय मिळालं, विरुद्ध काय मिळालं. विरुद्धचा रकाना रिकामा ठेवायला परवानगी नाही, काहीच मिळालं नसेल तर कुठे बघितलं ते लिहायचं. यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली, काही जण म्हणाले की आपल्या विरुद्धचं आपणच कशाला शोधायचं. कारण समोरचा वकील ते आणणारच आहे आणि न्यायाधीश पहिला प्रश्न त्यावरच विचारणार आहेत, आणि त्या वेळी साहेबांना पहिल्यांदा कळलं तर उत्तर द्यायला वेळ नसतो. कुठे शोधलं हे लिहून ठेवल्याचा दुसरा फायदा असा की दीड वर्षाने तारीख लागली आणि तो ज्युनिअर नोकरी सोडून गेला असला तरी नवीन माणूस शून्यापासून सुरू करत नाही, फक्त त्या तारखेच्या पुढचं बघतो. दिवाणी काम करणाऱ्यांना हे किती महत्त्वाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

आता कमतरता. पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे महसुली काम जवळजवळ सोडूनच दिलंय. तहसीलदार, प्रांत, कलेक्टर, महसूल न्यायाधिकरण यांचे आदेश कुठे आणि कसे शोधायचे हे आमच्यासारख्या ऑफिसला रोज लागतं, त्यावर जेमतेम चर्चा झाली. शासन निर्णयांच्या साइटवर संकेतांकाने कसं शोधायचं ते दाखवलं, पण जुने जीआर आणि राजपत्रं याबद्दल अजून वेळ द्यायला हवा होता. दुसरं, बोलणं सगळं छान मराठीत पण हातात दिलेले कागद इंग्रजीत. ताईंची चेकलिस्ट आम्हीच मराठी करून घेतली. ज्या ट्रेनिंगमध्ये क्लार्क आणि टायपिस्ट पहिल्या रांगेत आहेत तिथे कागद मराठीत असणं ही किमान गोष्ट आहे, हे मी मॅडमना स्पष्ट सांगितलंय आणि त्यांनी मान्य केलंय. तिसरं, नंतरचा फॉलोअप नाही. एक-दोन महिन्यांनी येऊन आमच्या रिसर्च नोट तपासून दिल्या असत्या तर सवय पक्की झाली असती, त्यासाठी आम्ही वेगळी फी पण दिली असती. एआयचं सेशन दुपारच्या जेवणानंतर आणि शेवटी घाईत उरकलं, ते सकाळी पाहिजे. आणि ज्यांना फक्त कंपनी लॉ किंवा टॅक्सचं काम आहे त्यांनी उदाहरणं बदलून मागावीत, कारण आत्ताची सगळी जमीन, वारसा, भाडं आणि फौजदारीची आहेत.

फी माणशी नाही, ऑफिसप्रमाणे घेतात, आणि आमच्या बाबतीत ती एका चांगल्या डेटाबेसच्या वर्षाच्या सबस्क्रिप्शनपेक्षा बरीच कमी होती. पुण्याबाहेर जायचं असेल तर प्रवासाचा खर्च वेगळा. एकटी वकिली करणाऱ्यांना दोन-तीन जणांनी मिळून एका ऑफिसात बसता येतं, असं त्या स्वतःच सुचवतात.

तुम्ही दुसऱ्या कोणाकडून घेणार असाल तर बुक करायच्या आधी हे विचारा की तुम्ही आमच्या बंद झालेल्या फाइलमधला प्रश्न घेऊन शिकवाल का, नावं काढून देतो. जो हो म्हणेल आणि आधी फाइल मागवून वाचून येईल त्याला पैसे द्या. क्लार्कना बसवायचं का असं पण विचारा, आणि त्यांची काय गरज असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. ऑफिसातलं इंटरनेट आधी तपासून घ्या, प्रत्येकाकडे स्वतःचा लॅपटॉप असू द्या, दोघांत एक चालत नाही. आणि साहेबांना किंवा मॅडमना, म्हणजे ऑफिसच्या मुख्य माणसाला, निदान रिसर्च नोटच्या सेशनला बसवाच, कारण ते नोट मागायला लागले तरच स्टाफ लिहायला लागतो. आमच्याकडे साहेब बसले होते, आणि पुढच्याच सोमवारी त्यांनी एका ज्युनिअरने आणलेले निकाल बाजूला ठेवून आधी रिसर्च नोटचं पान मागितलं.